तारेची घडी

"दाब."

मामाने बटण दाबलं. रेडिओ खरखरला.

"सोड. परत दाब. सोड. आता उजवीकडचं."

"ताई, हे बटण आपण बदललं. त्याच्यामागची तार बदलली. आता काय माझा अंगठा बदलतेस?"

"अंगठा बरा आहे. डोकं बदलायला मिळालं तर बघते. दाब."

आईचं डोकं विमानाच्या आत होतं, पोट त्याच्या कडेवर टेकलेलं आणि पाय बाहेर, लाकडी स्टुलावर. डावा गुडघा वाकत नसल्यामुळे तिला आत चढून बसता येत नसे. सगळं काम ती असं बाहेरून, आडात वाकून बघावं तसं करायची. मामा आत डाव्या सीटवर, म्हणजे वैमानिकाच्या जागेवर बसला होता. पंख काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. पंखांवाचून ते विमान वाट चुकून कारखान्यात शिरलेल्या होडीसारखं दिसत होतं. ठमी, म्हणजे माझी लेक, माझ्या खांद्यावर होती. रेडिओ खरखरला की ती आधी दचकायची आणि मग आपण का दचकलो म्हणून हसायची.

विमान मामाने बनवलेलं. लग्नानंतर सासरी मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले, "खेळण्यातलं ना?" मी म्हटलं, नाही, खरं. दोन माणसं बसतील असं. माझ्या माहेराविषयी त्यांचं जे मत व्हायचं ते तिथेच झालं असावं.

मामाचा धंदा कपाटं, पलंग आणि टेबलं बनवायचा. तरुणपणी हौसेने तो विमान उडवायला शिकला होता, आणि पैसे साठले की गावाबाहेरच्या क्लबचं विमान तासाभरासाठी घ्यायचा. पण दुसऱ्याने केलेल्या पलंगावरसुद्धा ज्याला धड झोप लागत नाही, त्याला दुसऱ्याने केलेल्या विमानात काय सुख लागणार? त्याने नकाशे मागवले आणि कारखान्याचा मागचा अर्धा भाग त्या कामाला दिला. लाकूड त्याचं. वीज आईची.

आईने उभा जन्म टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात घालवला. रस्त्यात खड्डा खणला जायचा, वर छोटा तंबू उभा राहायचा आणि ती आत उतरायची. मनगटाएवढ्या केबलीत केसासारख्या बारीक तारा, त्यांचे रंग बघून ती जोडीला जोडी लावत बसायची. सगळ्यांच्याच आया जमिनीखाली कामाला जातात असं लहानपणी मला वाटायचं.

"बास," आई आतून म्हणाली. "बटणाचा दोष नाही. बिचाऱ्याला उगाच बडवतोय आपण."

ती स्टुलावरून उतरली आणि गुडघा दाबत उभी राहिली. मामाने हेडफोन काढले.

दोष एकदाच दिसला होता. घरी केलेलं विमान हवेत न्यायचं तर सरकारी तपासनीसाची सही लागते. मागच्या खेपेला साहेब आले, लाकडाचा सांधा न् सांधा बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "इतकं सरळ काम मी मोठ्या कारखान्यातसुद्धा बघितलेलं नाही." मामा फुलून गेला. मग साहेब उजव्या सीटवर बसले, हेडफोन चढवले, बोलायचं बटण दाबलं, आणि रेडिओ मेला. पेट्रोलचा काटा शून्यावर आला. पंपाची घरघर थांबली. साहेब उतरले, मामाने घाबराघुबरा होऊन सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, तर सगळं ठणठणीत. साहेब म्हणाले, "कारण सापडल्याशिवाय सही नाही करता येणार."

त्यानंतर तो दोष पुन्हा फिरकलाच नाही. इंजिन चालवून बघितलं, तारा हलवून बघितल्या, मामाने बाहेरून थापट्या मारून बघितल्या. विमान आपलं शहाण्यासारखं चालत राहिलं.

"मेलेली लाइन बरी," आई म्हणायची. "ती कुठे पळून जात नाही. ही पोरांसारखी करते. घरी जीव खाते आणि डॉक्टरांपुढे नेली की खुदकन हसते."

साहेब परवा परत येणार होते. या भागातली त्यांची ती शेवटची फेरी, त्यानंतर थेट हिवाळ्यात. आणि हिवाळ्यापर्यंत मामाचा परवाना राहणार नव्हता. त्याच्या डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने झिजत चालली होती. डॉक्टरांनी या वेळचा दाखला दिला होता, पण समोर बसवून सांगितलं होतं की पुढचा मिळणार नाही. म्हणजे परवा सही झाली तर मामा स्वतःच्या हातांनी स्वतःचं विमान उडवणार. नाही झाली, तर कधीच नाही.

हे तिघांनाही ठाऊक होतं.

"ताई," मामा विमानाच्या नाकावरचा भुसा फुंकत म्हणाला, "एक विचारू? इतके दिवस नाही आला म्हणजे गेला, असं नाही का धरता येत?"

"दुखणं न सांगता गेलं म्हणजे ते घरातच कुठेतरी लपून बसलंय."

"म्हणजे नाही म्हणतेस."

"म्हणजे चहा कर."

मामा चहा करायला गेला. आईने पिशवीतून एक दिवा काढला. मोटारीच्या पुढच्या दिव्यातला जाडजूड बल्ब होता तो, त्याला तिने दोन तारा आणि दोन चिमटे लावले होते. मी विचारलं, "मीटर आहे ना तुझ्याकडे?"

"मीटर नुसतं विचारतं, आहेस का गं बाई? तारेतला एक केस शिल्लक असला तरी ती म्हणते, आहे. दिवा तसा ऐकत नाही. तो म्हणतो, आहेस ना, मग उचल हे ओझं." बोलता बोलता तिने चिमटे काट्यांच्या फळीमागे कुठेतरी अडकवले. "लोखंडी गाडीत वीज तारेतून जाते आणि गाडीच्या अंगातून परत येते. लाकडातून कशी येईल? म्हणून इथे प्रत्येकाला जायची एक तार आणि यायची एक. यायच्या सगळ्या या जाड तारेला मिळतात आणि ती सीटखालून मागे बॅटरीकडे जाते. जायला सगळेच उतावीळ असतात, बाई. मी आधी यायची वाट बघते."

बल्ब लागला. पांढरा, स्वच्छ. आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो काही मिचकायला तयार नव्हता.

एवढ्यात ठमीला भूक लागली. भूक लागली की ती सांगत नाही, जाहीर करते. मी बसायला जागा शोधू लागले. मामाच्या कारखान्यात खुर्ची म्हणून नाही. केलेली प्रत्येक खुर्ची गिऱ्हाइकाकडे जाते आणि मामा स्वतः फळकुटांच्या ढिगावर बसतो. टाके भरून आले तरी माझी पाठ अजून आधार मागायची. पाठ टेकायला त्या सगळ्या पसाऱ्यात एकच जागा होती.

"आई, मी आत बसू? उजवीकडे?"

"बस की. पाय जपून टाक. तिथे मामाचं पॉलिश आहे."

मी ठमीला आईच्या हातात दिलं, कडेवरून आत पाय टाकला, सीटवर टेकले आणि ठमीला परत घेतलं. सीट सुरेख होती. मामाने पाठीचा बाक अगदी माणसाच्या पाठीसारखा काढला होता. ठमी चिकटली, गप्प झाली. मी डोळे मिटून घेतले.

"हलू नकोस," आई म्हणाली.

मी डोळे उघडले. बल्ब विझला होता.

"अजिबात हलू नकोस. श्वाससुद्धा... नाही, श्वास घे. आता हळूच जराशी उठ."

मी सीटच्या कडा धरून इंचभर उठले. बल्ब लागला.

"बस."

विझला.

"उठ."

"आई, ती पितेय."

"तिला म्हणावं आजीचं थोडं काम आहे. उठ."

लागला. ठमीच्या तोंडातून दूध सुटलं आणि तिने असा सूर लावला की मामा हातातल्या कपांसकट धावत आला.

"काय झालं? पडली का?"

"सापडला," आई म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. खड्ड्यात उतरल्यावर जसं व्हायचं तसं तिचं तोंड अगदी शांत झालं होतं. "हिच्या बुडाखाली आहे."

मामाने एकदा माझ्याकडे आणि एकदा बल्बकडे बघितलं. मग कप खाली ठेवले आणि टाळी वाजवली. "साहेब! साहेब बसले होते उजवीकडे! मी कायम डावीकडे आणि तू कायम स्टुलावर. अगं, इतक्या दिवसांत त्या सीटवर कोणी बसलंच नाही!" त्याने ठमीला माझ्याकडून उचलून हवेत धरलं. "ठमाबाई, पगार लावतो तुला. चीफ इंजिनिअर!"

चीफ इंजिनिअरने त्याच्या शर्टावर दूध काढलं.

आई मात्र खालच्या फळीकडे बघत होती. सीट जिच्यावर बसवली होती ती पातळ, गुळगुळीत फळी. वजन पडलं की किंचित दबणारी.

"याच्याखाली तू काय केलंयस?"

"काय करणार? बंद केलं. तू हिच्या बाळंतपणाला गेलीस ना, तेव्हा. म्हटलं तू येईपर्यंत आतून सगळं तयार दिसू दे."

"माझ्या तारा सैल सोडलेल्या होत्या. प्रत्येक चौकटीपाशी एक वेटोळं."

"हो, लोंबत होती ती. नीट बसवली."

"नीट म्हणजे?"

मामाने चहाचा घोट घेतला, आणि तो घेता घेताच काहीतरी त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण कप तोंडापासून काढायला त्याला वेळ लागला.

"कापून दाखवतो," तो म्हणाला.

मी ठमीला त्याच्याकडून घेऊन खाली उतरले आणि त्याने फळीत तळहाताएवढं भोक पाडलं. आई वाकली, टॉर्च धरली. मीही ठमीला घेऊन मागून डोकावले. आत सगळ्या तारा एका ओळीत, एका पातळीत, फूटपट्टी लावल्यासारख्या सरळ गेल्या होत्या. चौकट आली की त्या दुमडून, चपट्या करून, वरून पातळ लाकडी पट्टी लावून डिंकाने पक्क्या चिकटवल्या होत्या. इस्त्री केलेल्या चादरींची चळत असावी तशा. त्याच्या कपाटांचं आतलं कामही असंच असतं. जे गिऱ्हाईक कधी बघणार नाही तेही त्याला वाकडं चालत नाही.

"तारेला घडी घातलीस?" आई म्हणाली. "ती काय पलंगपोस आहे?"

"दिसायला..."

"कोणाला दिसायला? फळीखाली?"

तिने चाकूच्या टोकाने एक पट्टी उचकटली, जाड तार मोकळी केली आणि घडी पडली होती तिथे वरचं आवरण चिरलं. बाहेरून तार धडधाकट होती. आतले तांब्याचे केस मात्र घडीवर तुटले होते. टोकाला टोक टेकून बसले होते इतकंच. फळी दबली की टोकं सुटायची, फळी वर आली की भेटायची.

"वेटोळं कशाला देते मी, सांगितलं होतं का नाही तुला?"

"पुढच्या दुरुस्तीवाल्याला हातभर तार मिळावी म्हणून."

"आणि?"

"आणि लाकूड हललं तर तारेला कळू नये म्हणून." मामा शाळेतल्या मुलासारखा म्हणाला. मग एकदम उजळला. "पण सापडला ना! मग झालं तर. वरून एक नवी जाड तार टाकू. तासाभराचं काम आहे. परवा साहेब येतात, बसतात, दिवा विझत नाही. सही."

आई टॉर्च एका तारेवरून दुसरीवर नेत होती.

"आणि बाकीच्यांना?"

"त्या चालू आहेत."

"हीपण चालू होती. रेडिओची तार या घडीतून जाते. काट्यांची जाते. पेट्रोलच्या पंपाची जाते. कुठली किती तुटली आहे, तुला माहीत आहे? मला नाही माहीत. सगळं उघडावं लागेल."

"सगळं म्हणजे सगळी फळी? ताई, ती चिकटवलेली आहे. ती काढायची तर मोडावीच लागते. मग नवी कापायची, चिकटवायची, डिंक वाळू द्यायचा. परवा कसं होईल?"

"नाही होणार."



मामा बोलला तेव्हा त्याचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता असा होता. "मला एकदाच जायचंय. धावपट्टीवरून उठायचं, एक वळसा घालायचा, उतरायचं. दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं टिकतील ना तारा?"

"टिकतीलही."

"मग?"

"टेलिफोनच्या लाइनीला मी असं म्हटलं असतं. टिकेल की. नाही टिकली तर माणूस हॅलो हॅलो करेल, मला शिव्या देईल आणि फोन ठेवेल." आईने टॉर्च बंद केली. "जमिनीवर शिव्या देणारा भाऊ मला चालेल. रोज दे. वर जाऊन गप्प झालेला नको."

"तुझी सही लागते म्हणून बोलतेस."

"हो. विजेच्या कामाच्या कागदावर माझी सही लागते. ती मी नाही करणार."

मामाने हात फडक्याला पुसले, जे पुसायची गरज नव्हती, आणि तो कारखान्याच्या पुढच्या दाराने निघून गेला.

घरी आल्यावर आई ठमीच्या वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालत बसली. तिन्हीसांजेची वेळ. एकच लंगोट तिने दोनदा घडी करून दोनदा उलगडला.

"वैरीण वाटत असेन मी त्याला."

मी पुढचा लंगोट तिच्याकडे सरकवला.

"तेव्हा मी इथे असते तर त्याला फळी बसवूच दिली नसती." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि लंगोट झटकला. "नसते आले तुझ्याकडे, असं म्हणत नाहीये हो मी. आलेच असते. दहा विमानं सोडून आले असते. नुसतं म्हणतेय."

"कळलं गं."

"तो परवाना संपल्यावर काय करेल? आयुष्यात दोन गोष्टी आल्या त्याला. लाकूड आणि हे."

"मग तार टाकून मोकळी हो ना, आई."

हे मी तिला का म्हटलं, मला ठाऊक नाही. ती काय म्हणते ते बघायचं होतं बहुतेक. तिने घड्यांची चळत उचलली, कपाटात ठेवली, कपाटाचं दार लावलं. ते दार मामाने केलेलं, बोटाने ढकललं तरी आवाज न करता लागणारं.

"नाही," ती म्हणाली. "ते होणार नाही."

सकाळी मी ठमीला अंघोळ घालत होते आणि गल्लीपलीकडून करवतीचा आवाज यायला लागला. आईने हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली. गुडघ्याची पर्वा न करता ती पायऱ्या उतरून गेली. ठमीला पंच्यात गुंडाळून मी तिच्यामागे धावले.

मामाने दोन्ही सीट काढून बाजूला ठेवल्या होत्या. फळीवर पेन्सिलीने रेघा आखल्या होत्या. मोडायचं असलं तरी तो आखूनच मोडणार. गुडघ्यांवर बसून, डावा डोळा बारीक करून तो रेघेवरून करवत चालवत होता. आम्हाला बघून तो थांबला नाही.

"ये. स्टूल ठेवलंय तुझं," तो म्हणाला. "कुठपर्यंत कापू?"

आई स्टुलावर चढली. बघत राहिली.

"त्या पलीकडच्या चौकटीपर्यंत."

"म्हणजे सगळंच."

"हो. सगळंच."

"बरं." त्याने नवी रेघ ओढली. "सिंहासन उखडतोय बघ तुमचं, ठमाबाई."

करवत पुन्हा चालू झाली. थोड्या वेळाने, कापता कापताच, तो म्हणाला, "फार चांगली बसली होती गं फळी."

"फारच," आई म्हणाली. "तुझ्यासारखी कोणी बसवत नाही."

"ते मला सांगू नकोस, ते मला माहिती आहे. पकड इकडून."

दिवसभर दोघं त्या पोकळीत वाकलेली होती. तो पट्टी उचकटायचा, ती घडी चिरायची. काही तारा धड निघाल्या. काहींचे निम्मे केस गेलेले. प्रत्येक वेळी आई नुसतं म्हणायची, "चांगली," किंवा "गेली." मामाने एकदाही मान वर केली नाही. दुपार उलटल्यावर तिने पंपाची तार चिरली. बोटांत धरून तिने ती हलकेच वाकवली आणि तिचे दोन तुकडे झाले. ओढावं लागलं नाही. ते दोन तुकडे तिने मामाला दाखवले नाहीत, सरळ खिशात घालायला निघाली. मामाने हात पुढे केला.

"दे इकडे."

त्याने ते तळहातावर घेतले. बराच वेळ बघितले. मग शर्टाच्या खिशात, पेन्सिलीशेजारी ठेवले आणि पुढची पट्टी उचकटली.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. मामाने त्यांना दारातच गाठलं. धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते.

"साहेब, आज दाखवत नाही. तयार नाही ते."

"दोष मिळाला?"

"मिळाला. माझाच होता." त्याने खिशातले दोन तुकडे काढून साहेबांच्या हातावर ठेवले.

साहेबांनी चष्मा वर करून ते बघितले. आत येऊन उघड्या पोकळीत डोकावले, आईने घातलेली नवी वेटोळी बघितली. मग फळकुटांच्या ढिगावर मामाशेजारी बसले. "मी बसलो तेव्हाच विझलं होतं ना? म्हणजे माझ्या वजनाचा कोणाला तरी उपयोग झाला. घरी सांगतो."

मामा हसला. साहेबांनी तारीख बघितली, काहीतरी मनात मोजलं आणि मामाच्या डोळ्यांकडे बघितलं. "हिवाळ्यात येतो," एवढंच म्हणाले.

"या. उडायला तयार असेल."

मी उडवेन, असं तो म्हणाला नाही. मीही तेव्हा ते लक्षात घेतलं नाही.

हिवाळ्यात सही झाली. तोपर्यंत ठमी भिंत धरून उभी राहायला लागली होती आणि मी तिला घेऊन मुद्दाम आले होते. धावपट्टीच्या कडेला गवतावर दव होतं. क्लबमध्ये शिकवणाऱ्या बाई आठवडाभर एकट्याच ते विमान उडवून, त्याची सगळी परीक्षा घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. "काका, हे फार गुणी आहे. हात सोडले तरी सरळ जातं," त्यांनी सांगितलं होतं. मामा फक्त म्हणाला होता, "जायलाच पाहिजे."

त्या सकाळी बाई डाव्या सीटवर बसल्या आणि मामा उजव्या. आईने कडेवरून आत वाकून त्याचा पट्टा ओढून बघितला, जणू तो शाळेच्या सहलीला निघाला होता.

"सगळं चालू आहे?" तिने विचारलं.

"तू केलंयस म्हटल्यावर."

"तसं नाही. बघून सांग."

त्याने एकेक काटा बघितला. डाव्या बाजूचे बघायला त्याला पूर्ण मान वळवावी लागली. "सगळं चालू आहे, ताई."

आम्ही मागे सरलो. इंजिन लागलं, ठमीने माझ्या मानेत तोंड खुपसलं. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि ज्या घाईची मी वाट बघत होते ती न करता, सहज, कोणी ओट्यावरून उठावं तसं उठलं. आईच्या हातात क्लबचा छोटा रेडिओ होता. तो तिने कानाला लावला होता, आम्ही सगळे वर बघत होतो तेव्हा ती खाली गवताकडे बघून ऐकत होती. बाईंचा आवाज येत होता, स्वच्छ, एकही खरखर नाही. एकदा बाई म्हणाल्या, "काका, थोडा वेळ धरता का? मी आहे." मग मामाचा आवाज आला, "नको. तुम्ही छान चालवताय."

आईने डोळे मिटले आणि रेडिओ आणखी कानाशी दाबला.

विमान दोन वळसे घालून उतरलं. आमच्यासमोर येऊन थांबलं, पंखा फिरायचा राहिला. बाईंनी काचेचं झाकण उघडलं आणि त्या उडी मारून उतरल्या. मामा तसाच बसून होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"शेपटीकडून जरा शीळ येते. बघायला पाहिजे." त्याने पट्टा सोडला.

आई पंखापाशी गेली आणि तिने खांदा पुढे केला. "ये. सावकाश."

त्याने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो उतरून गवतावर उभा राहिला. कडाक्याची थंडी होती. त्याच्या पँटवर, दोन्ही गुडघ्यांवर, पाची बोटांसकट दोन तळहातांचे घामाचे ओले ठसे उमटले होते.